नऊ महिन्यांचं वर्ष

सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष. पिचकाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मीही तेवढंच पाहून गेलो होतो.

ऑफिसमधली एक सहकारी चियांग माईची. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिच्या घरी गेलो. १३ तारखेला वाट फ्रा सिंग देवळातली बुद्धमूर्ती मिरवणुकीने निघते, लोक तिच्यावर पाणी शिंपडतात. जुन्या शहराभोवतीच्या खंदकापाशी मात्र शिंपडणं वगैरे नाही, थेट बादल्याच! आपली रंगपंचमी, फक्त रंगाशिवाय.

लक्षात राहिली ती १५ तारीख. त्या दिवशी घरातले धाकटे थोरांच्या हातावर फुलांच्या पाकळ्या घातलेलं सुगंधी पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात. मीही सहकारीच्या आजींच्या हातावर पाणी ओतलं. मग सहज वय विचारलं. कार्डावर जन्म फेब्रुवारी २४७९. तिथे बुद्धसंवत चालतो, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. चालू साल २५६८. वजाबाकी केली, म्हटलं ८९. आजी हसल्या. ८८!

इंजिनिअरची वजाबाकी चुकली कशी? इथे इतिहास येतो.

सोंगक्रान हा शब्द आपल्या ‘संक्रांती’वरून आलेला. आपली मकर, त्यांची मेष; सूर्य मेषेत जातो तो दिवस. पण सरकारी वर्ष वेगळंच फिरत राहिलं. पूर्वी ते थाई पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेला बदलायचं, म्हणजे जवळपास आपला पाडवाच. १८८९ मध्ये ती प्रतिपदा १ एप्रिलला आली, आणि राजा चुलालोंगकोर्नने तीच तारीख कायम केली. पुढे पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने ठरवलं, जगाबरोबर १ जानेवारी. तसं १९४१ पासून झालं. त्यामुळे २४८३ हे वर्ष एप्रिलला सुरू झालं आणि डिसेंबरला संपलं. नऊ महिन्यांचं वर्ष!

म्हणजे फेब्रुवारी १९३७ ला तिथे २४७९ चालू होतं, २४८० उजाडायला एप्रिल यायचा होता. आजी बरोबर होत्या. गंमत म्हणजे जावा भाषेत थाई तारखांची तयार सोय आहे, तीही सरळ ५४३ च मिळवते. १९४१ नंतर ठीक. त्याआधी जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या माणसाचं वय एक वर्षाने चुकणार. तारखांचा कोड मीही लिहितो. असं कोणाचं वर्ष मी खाल्लंय का, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

कारण आमच्या मुर्ध्याच्या घरातही हेच आहे. माझ्या आजीच्या कागदांवर जन्म १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला. ती स्वतः सांगते, पाडव्याच्या आधीचा, मिठागरात मीठ काढायचे दिवस होते. आम्ही मात्र इतकी वर्षं केक १ जूनलाच कापतोय. खरी तारीख शोधायचा प्रयत्न कोणी केलाच नाही, मीसुद्धा.

२०२३ मध्ये युनेस्कोने सोंगक्रानला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वर्षाची सुरुवात दोनदा हलली, तरी एप्रिलमधलं ते हातावरचं पाणी हललं नाही.

परत आल्यावर आजीच्या हातावर तसंच पाणी ओतून पाहिलं, मोगरा घालून. तिने हात झटकले आणि विचारलं, “जेवायला बसायचंय का?”