सावरकरांच्या सत्तावनी इतिहासाचें मूळ बाड

फिलिपिन्सच्या होसे रिसाल यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें मोर्गाचा स्पॅनिश इतिहास हातानें उतरून घेतला व तो १८९० मध्यें पॅरिसांत सटीप छापला. १९०६ मध्यें लंडनास गेलेल्या विनायक दामोदर सावरकरांनींहि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत राज्यकर्त्यांचींच साधनें वाचून सत्तावनचा इतिहास मराठींत लिहिला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९०९ मध्यें हॉलंडांत छापलें गेलें. प्रसिद्धीपूर्वींच त्यावर आलेली बंदी १९४६ मध्यें उठली. मूळ मराठी बाड मात्र अमेरिकेस पोहोंचलें, तें १९४९ मध्यें लेखकाच्या हातीं परत आलें. भाषांतरावरून लेखकाचे मूळ शब्द पुन्हा हातीं लागत नाहींत; म्हणून हें बाड टिकलें, हें आम्ही भाग्य समजतों. खडवली-कल्याणकडील संग्राहकांनींहि घरच्या दप्तरांतील असे जप्त ग्रंथ व पत्रें रद्दींत जाऊं देऊं नयेत, ही विनंती.