येरमाळ्याच्या तंबूत ‘श्यामची आई’

साल १९५५. चैत्री पौर्णिमा कालच झाली. सकाळी चुनखडी वेचून पांढरे पडलेले हात तुम्ही अजून धुतलेले नाहीत. येडेश्वरीच्या जत्रेत पाळण्यांपलीकडे टुरिंग टॉकीजचा तंबू लागलाय आणि कर्णा ओरडतोय : राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला खेळ!

ते खरं आहे. गेल्याच वर्षी केंद्र सरकारनं चित्रपटांना पहिल्यांदा पुरस्कार दिले, आणि पहिलं सुवर्णपदक पटकावलं आचार्य अत्र्यांच्या मराठी चित्रपटानं. बिमल रॉयच्या ‘दो बिघा जमीन’ला प्रशस्तिपत्रावर भागवावं लागलं.

आणे मोजून आत शिरा. मधे दोर, पलीकडे बायका, अलीकडे तुम्ही, पोत्यावर. शेजारचा तरुण निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला. जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच आहे. पुढच्या वर्षी तो मुंबई राज्यात जाणार, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी बोलू नका. साने गुरुजींचं पुस्तक त्यानं वाचलेलं नाही. गुरुजी मात्र त्याला माहीत आहेत : ‘पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपाशी बसलेले, तेच ना?’ तेच. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या, त्यावरच हा खेळ.

मशीन घरघरतं. पडद्यावर कोकण. मागून कुणीतरी ओळखतं, ही वनमाला, ‘सिकंदर’मधली रुखसाना! त्याला गप्प करतात. इथं ती साध्या लुगड्यात आहे. आंघोळ झालेल्या श्यामला तळवे मळायला नकोत, म्हणून ती पदर पसरते. तळवे जपतोस तसं मनही जप, एवढंच तिचं म्हणणं. दोरापलीकडून ‘अगं माय!’ ऐकू येतं. माझ्या मते चित्रपट सगळ्यात खरा आहे तो इथं; अत्र्यांच्या शब्दांचा फुलोरा कधी कधी आईच्याही पुढं धावतो.

रीळ संपतं, उजेड होतो. दुसरं चढेपर्यंत शेंगा, बिड्या, पोरांची रडारड. मशीन एकच, त्यामुळे दुःखालाही मधे मधे थांबावं लागतं.

शेवटी आई जाते आणि श्याम उशिरा पोचतो. तंबूवाले दुसऱ्या खेळासाठी माणसं बाहेर काढू लागतात. दोराजवळची एक म्हातारी हलत नाही. लुगड्याच्या गाठीतले आणे सोडत ती तिकीटवाल्याला दरडावते, ‘पुन्हा लाव रं. ह्या खेपंला तरी पोरगं येळंवर येतंय का बघू दे.’