53 दिवस गारठ्यात



माझ्या भाचीला हैदराबादेत मुलगी झाली, तेव्हा मी तिथेच होतो. वजन भरलं 3 किलो 900 ग्रॅम. बाळाची आजी, म्हणजे माझी ताई, काट्यावरचा आकडा ऐकून इतकी खूश झाली की पहिल्यांदा दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधू लागली. डॉक्टरीणबाई मात्र दर थोड्या वेळाने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासत होत्या. भाचीला मधुमेह नव्हता. मग एवढं वजन कशाने? मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘‘काका, गोठवलेल्या भ्रूणाचं बाळ आहे. ही बाळं जरा जड असतात.’’

मी तोफखान्यातला माणूस. वैद्यक हा माझा प्रांत नाही. पण ‘जरा जड असतात’ हे कुणाच्या, कधी लक्षात आलं, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि इतिहासाचं वेड मला नोकरीत असल्यापासून आहे. शोधत गेलो तेव्हा या गोष्टीचं एक टोक आपल्याच कलकत्त्यात सापडलं.

जिवंत पेशी गोठवायची मुख्य अडचण बर्फाची. पेशीच्या आत पाण्याचे स्फटिक झाले की ते तिला आतून फाडतात. 1949 साली लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचे शुक्राणू गोठवायच्या खटपटीत होते. ज्या बाटलीत साखरेचं द्रावण आहे असं ते समजत होते, त्या बाटलीने एकदम यश आलं. तपासलं तर आत ग्लिसरीन निघालं! चिठ्ठी चुकीची होती, पण तिच्यामुळे बर्फाला अटकाव करणारं रसायन हाती लागलं. पुढे 1972 मध्ये व्हिटिंगहॅम, लीबो आणि मेझर या तिघांनी उंदराचे भ्रूण अगदी सावकाश थंड करत उणे 196 अंशांपर्यंत नेले, परत वितळवले आणि त्यांची पिल्लं जन्माला आली. दुसऱ्याच वर्षी केंब्रिजमध्ये गोठवलेल्या भ्रूणातून वासरू झालं. त्याचं नाव ‘फ्रॉस्टी’. ते करणाऱ्यांतले इयान विल्मुट पुढे डॉली मेंढीमुळे जगाला माहीत झाले.

आता कलकत्ता. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, जन्म 1931, हजारीबागचा. कलकत्ता आणि एडिंबरा अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरेट, शिकवायचे शरीरक्रियाशास्त्र. सोबत अतिशीत तापमानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. 25 जुलै 1978 ला इंग्लंडमध्ये ल्युईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. वजन सुमारे 2 किलो 600 ग्रॅम. त्यानंतर 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कलकत्त्यात ‘दुर्गा’ जन्मली. पूजेचे दिवस होते, म्हणून ते नाव.

दुर्गा ल्युईसची नक्कल नव्हती. इंग्लंडच्या जोडीने औषधं न देता, निसर्गतः पिकलेलं एकच बीज घेतलं होतं. मुखोपाध्यायांनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन अनेक बीजं पिकवली, ती पोटातून दुर्बीण न घालता योनीमार्गाने काढली, भ्रूण तयार केले आणि ते लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवले. 53 दिवस. मग पुढच्या पाळीच्या चक्रात, शरीर पुन्हा मूळपदावर आल्यावर, ते आत सोडले. आज देशातल्या कुठल्याही केंद्रात जाऊन विचारा, साधारण हाच क्रम सांगतील. इंजेक्शनांचा मारा झालेलं गर्भाशय त्याच महिन्यात भ्रूणाला नीट सामावून घेईलच असं नाही, म्हणून थांबा, गोठवा, नंतर सोडा.

सरकारने नोव्हेंबर 1978 मध्ये चौकशी समिती बसवली. अध्यक्ष रेडिओ भौतिकीचे प्राध्यापक. लष्करात आम्ही कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतो तेव्हा रणगाड्याच्या इंजिनात बिघाड असेल तर पंगतीत किमान एक तरी ईएमईचा माणूस घेतो. इथे भ्रूणाचं काम जवळून जाणणारं कुणी नव्हतं. दावा खोटा ठरला. जपानला जाऊन बोलायचं निमंत्रण होतं, परवानगी मिळाली नाही. 1981 मध्ये त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. त्याच वर्षी 19 जूनला त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ पाहिलेल्यांना ही छाया ओळखीची वाटेल.

पुढे 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं आणि तेच भारतातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. 1997 मध्ये मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आनंदकुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि ‘करंट सायन्स’मध्ये लिहून टाकलं की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला छाती लागते. मी हयातीत असे अधिकारी थोडे पाहिले. आणि हे घडलं कशामुळे, तर नोंदवह्या शिल्लक होत्या म्हणून. आमच्याकडे युद्धात प्रत्येक पलटण रोजची वॉर डायरी लिहिते. तेव्हा कंटाळा येतो, पण तीस वर्षांनी तीच साक्षीला उभी राहते.

जगाच्या पुस्तकात गोठवलेल्या भ्रूणाचं पहिलं बाळ मेलबर्नचं, 1984 चं. आणि इथून वजनाची गोष्ट सुरू होते.

सुरुवातीची चिंता उलटी होती. टेस्ट ट्यूब बाळं लहान भरत. जुळी-तिळी होत, त्यामुळे हे साहजिक वाटायचं. पण 2002 मध्ये अमेरिकेतल्या चाळीस हजारांहून अधिक बाळांचा हिशेब निघाला. एकेकटी आणि पूर्ण दिवस भरून जन्मलेली बाळंसुद्धा अडीच किलोच्या खाली जाण्याचं प्रमाण इतरांच्या 2.6 पट होतं. तेव्हा बहुतेक भ्रूण ताजेच, त्याच महिन्यात सोडलेले असत.

मग डेन्मार्क, स्वीडन यांसारख्या देशांतून आकडे येऊ लागले. तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला सरकारी क्रमांक मिळतो. त्यामुळे उपचाराची नोंद आणि प्रसूतीची नोंद एकमेकांना जोडता येते. त्यांना दिसलं की गोठवलेल्या भ्रूणाची बाळं ताज्या भ्रूणाच्या बाळांपेक्षा सरासरीने शंभर ते दोनशे ग्रॅम जड असतात, आणि साडेचार किलोच्या वर जाणारीही त्यांच्यात जास्त. कुणी म्हणेल, आई-बाप वेगळे असतील. म्हणून डेन्मार्कमध्ये सख्खी भावंडं ताडून पाहिली, एक ताज्या भ्रूणाचं, एक गोठवलेल्या. फरक तिथेही राहिला.

कारण काय, याचं एकच उत्तर नाही. ताज्या वेळी गर्भाशय औषधांनी ढवळलेलं असतं, म्हणून ती बाळं लहान भरतात, हा एक भाग. पण गोठवलेली बाळं आपसूक राहिलेल्या गर्भाच्या बाळांपेक्षाही थोडी जड भरतात, तेव्हा गोष्ट तिथे संपत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांची कोकरं आणि वासरं अवाढव्य होतात, हे पशुवैद्यांना आधीपासून माहीत होतं, त्यामुळे जनुकांच्या चालू-बंद कळांवर संशय आहे. आणखी एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. बीज सुटल्यावर अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि तो गर्भारपणाला लागणारी द्रव्यं सोडतो. गोळ्या देऊन कृत्रिमरीत्या अस्तर तयार केलं तर बीज सुटतच नाही, पीतपिंड नाहीच. अशा बायकांना गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त दिसला आहे. 2016 मध्ये चीनमध्ये पीसीओएस असलेल्या 1508 स्त्रियांवर प्रयोग झाला. गोठवलेल्या गटात जिवंत बाळ होण्याचं प्रमाण 49.3 टक्के, ताज्यात 42. अंडाशय सुजण्याचा त्रास 7.1 वरून 1.3 वर आला. पण रक्तदाबाचा तो आजार, प्रीएक्लॅम्पसिया, 1.4 वरून 4.4 टक्क्यांवर गेला. म्हणजे फायदा खरा आणि किंमतही खरी.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावायचे का? इथे पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, सरासरी 2.7 किलो. इंग्लंडात साउदॅम्प्टनला 3.5. पण आपलं बाळ हडकुळं दिसलं तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा टिकून होता, कमी होता तो स्नायूंचा. याज्ञिकांनी त्याला ‘थिन-फॅट’ म्हटलं आणि पुढच्या मधुमेहाशी त्याचा संबंध दाखवला. जिथे सरासरीच इतकी खाली, तिथे गोठवण्याने वाढलेले दीडशे ग्रॅम स्नायूचे की चरबीचे, हे डेन्मार्कच्या वहीत सापडणार नाही. ते आपल्याच बाळांत पाहावं लागेल.

आता 2021 चा कायदा आहे, केंद्रांची राष्ट्रीय नोंदणी आहे. तरी भाचीचं डिस्चार्ज कार्ड मी चष्मा लावून दोनदा वाचलं. वजन होतं, डोक्याचा घेर होता, टाचेतल्या साखरेचे आकडे होते. भ्रूण ताजा की गोठवलेला, किती दिवस गोठवलेला, कुठल्या चक्रात सोडला, यातलं एक अक्षर नव्हतं. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला तोंडी सांगितलं, त्यांनाच विनंती केली. त्यांनी पेन काढलं आणि कडेला दोन ओळी लिहून खाली सही केली. ते कार्ड भाचीने बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवलं आहे. मुलगी आता दहा महिन्यांची आहे आणि वजनात शेजारच्या मुलांच्या बरोबरीला आली आहे.