निळी चपटी वायर

मागच्या महिन्यात एका कार्यालयातलं इंटरनेट चार दिवस बंद. नाव कशाला घ्या. कळसवरून हेलपाटे मारून म्हातारी माणसं कंटाळली. शेवटी एक पोरगा आला, बॅगेतून निळी चपटी वायर काढली, राउटरच्या 'कन्सोल' लिहिलेल्या भोकात घातली, वीस मिनिटांत काम फत्ते. ती वायर तिथं कुणाकडंच नव्हती. पासवर्ड तर नाहीच नाही.

घरी येऊन त्या वायरीचं मूळ शोधत बसलो. निघालं १९६० सालचं. टेलिप्रिंटर आणि मोडेम एकमेकांशी बोलावेत म्हणून अमेरिकेत तेव्हा आरएस-२३२ हे मानक ठरलं. पंचवीस पिनांच्या जोडणीत टर्मिनल २ नंबरवरून पाठवणार, ३ वर घेणार. १९८४ला आयबीएमच्या पीसी-एटीवर नऊ पिनांची आली, तिथं नेमकं उलटं! सिस्कोच्या कन्सोलला आठ पिना. ३ वरून पाठवणं, ६ वर घेणं, ४ आणि ५ ग्राउंड, १ आरटीएस, ८ सीटीएस. निळ्या वायरीत एका टोकाची १ नंबरची तार दुसरीकडं ८ ला, ३ ची ६ ला. म्हणजे एकाचं तोंड बरोबर दुसऱ्याच्या कानाला.

राहिला फ्लो कंट्रोल. नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला तो शिकवायला नको, रात्री दारं धरलेली असतात. वाफा भरला की खालचा ओरडतो, वरचा दार फिरवतो. आरटीएस-सीटीएस हेच करतात, त्यांना वेगळ्या तारा लागतात. दुसऱ्या पद्धतीत वेगळी तार नाही, त्याच पाटातून चिठ्ठी सोडायची: १९ नंबरचं अक्षर म्हणजे थांब, १७ म्हणजे सोड. गंमत अशी, की फाइलमध्येच १९ आला तरी समोरचा थांबतो.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट लोकांना खुलं केलं. त्या मोडेमच्या काळात संगणक वेगानं ओतायचा, फोनची लाइन हळू. मोडेम भरला की सीटीएस खाली. केबलमध्ये ती तारच नसली तर मजकूर गळायचा आणि शिव्या लाइनीला बसायच्या. १९९८ला वारणेच्या सत्तर गावांत ऊसवाल्यांसाठी संगणक बसले, पुढं काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिलं गेलं. ऊस आपल्याकडंही आहेच, त्यामुळं मला ती गोष्ट जवळची वाटते. यंत्र गावात आलं, पण त्याची दुरुस्ती गावात आली का?

कारण त्या पोरानं केलेलं काम अवघड नव्हतं हो. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. हे शेवटचं चुकलं तर स्क्रीनवर अक्षरं दिसतात आणि टाइप केलेलं मात्र पलीकडं जात नाही. माणूस समजतो, राउटर मेला. मग नवीन राउटरचं बिल.

पुढच्या ग्रामसभेत मी दोनच प्रश्न विचारणार आहे. आपल्या गावात बसवलेल्या डब्यांची वायर कुठल्या कपाटात आहे? आणि पासवर्डचं पाकीट कुणाच्या सहीनं बंद आहे?