जुना ‘ड्राय रॉक’ पुन्हा टाकीत टाकताय? आधी हे वाचा

बंद पडलेल्या समुद्री ॲक्वेरियममधले दगड माळ्यावर पडून आहेत. पांढरे, कोरडे, वरून अगदी स्वच्छ. मग नळाखाली धुऊन थेट नव्या टाकीत टाकले तर काय बिघडलं?

बिघडतं ते दगडाच्या आत. हा दगड सच्छिद्र असतो. मेलेले जीव, माशांचं खाद्य आणि विष्ठा यांचे अवशेष त्याच्या छिद्रांत वाळून बसतात. पाण्यात गेल्यावर ते कुजतात, अमोनिया वाढतो. दगडात मुरलेला फॉस्फेट हळूहळू बाहेर येतो आणि टाकी शेवाळाने भरते.

मग नवाच दगड का नको?

प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा इतर कुठून प्रवाळ उचलणं, विकणं हा गुन्हा आहे. हातातला दगड पुन्हा वापरला, तर समुद्रातून काढण्याची गरजच उरत नाही.

सफाई कशी करायची?

१. दगड ओला ठेवूनच ब्रशने घासा. हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच.

२. एक भाग साधं ब्लीच आणि दहा भाग पाणी, यात काही दिवस बुडवून ठेवा. आतला सेंद्रिय मळ निघतो.

३. भरपूर पाण्याने धुवा, क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात भिजवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा.

४. फॉस्फेट फारच असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने वरचा थर काढता येतो. हे काम उघड्यावर, प्लास्टिकच्या बादलीत करा. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या विट्यात ॲसिडचा धाक वेगळा सांगायला नको. नियम तोच: आधी पाणी, मग त्यात ॲसिड. फेस थांबला की दगड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा.

या दोन चुका जिवावर बेतू शकतात

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि दगड उकळू नका. त्यावर झोअँथिड जातीचे जीव असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेसोबत श्वासात जातं. परदेशात अशा प्रकारे अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत.

लगेच टाकीत टाकायचा का?

नाही. विट्यासारख्या समुद्रापासून लांबच्या शहरात खारं पाणी घरीच बनवावं लागतं: लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम ॲक्वेरियमचं समुद्री मीठ. बोअरचं पाणी नको, आरओचं घ्या. अशा पाण्यात दगड ठेवा, पंप आणि हीटर लावा, तापमान २५-२६ अंश ठेवा आणि वरून झाका. अंधारात शेवाळ वाढत नाही.

दर आठवड्याला फॉस्फेट तपासा. तो लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी बदला किंवा फॉस्फेट शोषणारं माध्यम वापरा.

सफाईत चांगले जिवाणूही मरतात. ते नव्याने वाढवण्यासाठी बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घाला. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट होतं. पहिले दोन शून्यावर आले की दगड तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मासे आणायची तारीख दुकानदाराला नाही, टेस्ट किटला विचारा.