दिनविशेष : ८ जानेवारी
१९०८ : ‘फिअरलेस नाडिया’ यांचा जन्म

हिंदी पडद्यावरच्या पहिल्या स्टंट-सम्राज्ञी मेरी अ‍ॅन इव्हान्स ऊर्फ नाडिया यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात असल्याने त्या लहानपणीच मुंबईत आल्या. दुकानातील विक्रेती, सर्कस, नृत्यपथक अशी वाटचाल करत त्या जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंच्या परळमधील ‘वाडिया मूव्हिटोन’मध्ये पोहोचल्या.

त्या काळी हॉलिवूडमधील मोनोग्राम, रिपब्लिक यांसारखे छोटे स्टुडिओ घोडेस्वार, मुखवटाधारी आणि रहस्य यांची सांगड घालून कमी खर्चात वेस्टर्नपट काढत. वाडियांनी हा मसाला देशी केला. ‘हंटरवाली’त (१९३५) नाडियांनी साकारलेली राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हंटर परजत दुष्ट वजिराशी लढते. चित्रपट तुफान चालला. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) खुनाचे रहस्य आणि धावत्या गाडीच्या टपावरील हाणामारी आली; ‘डायमंड क्वीन’ने (१९४०) तर वेस्टर्नपटांतील गुंडांनी ग्रासलेले गावच उभे केले. नाडियांइतकाच त्यांचा घोडा ‘पंजाब का बेटा’ही लोकप्रिय होता. बहुतेक साहसदृश्ये त्या स्वतःच करत.

समीक्षकांनी स्टंटपटांना दुय्यम मानले, पण पिटातील प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. १९६१ मध्ये नाडियांनी होमी वाडिया यांच्याशी विवाह केला. जानेवारी १९९६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.