कंट्रोल ग्रुपही सुधारतो तेव्हा

२०१७ मध्ये 'जर्नल ऑफ एजिंग अँड फिजिकल ॲक्टिव्हिटी'मध्ये एक छोटासा पेपर आला. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो कॅम्पसमधले डेव्हिड मार्केझ आणि त्यांचे सहकारी यांचा. त्यांनी स्पॅनिश बोलणारे ५७ प्रौढ आणि वृद्ध लॅटिनो लोक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला चार महिने, आठवड्यातून दोनदा नाच शिकवला: मेरेंगे, चा-चा-चा, बचाता आणि साल्सा. दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षणाच्या वर्गात बसवलं. आधी आणि नंतर स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या.

नाचणाऱ्यांचे एकूण बोधनक्षमतेचे गुण वाढले. बसून ऐकणाऱ्यांचेही वाढले.

पेपरच्या शीर्षकातच त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय: लॅटिन नृत्य 'आणि आरोग्यशिक्षण' यांनी बोधनक्षमता सुधारू शकते. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी प्रतिक्रिया होती, 'म्हणजे प्रयोग फसला.' तुमचीही कदाचित तीच असेल. सिनॉप्सिस लिहिताना आपल्याला शिकवलेलं असतं की उपचार गट वर जायला हवा आणि कंट्रोल जागच्या जागी राहायला हवा. दोन्ही रेषा समांतर वर गेल्या तर आकडेवारीच्या भाषेत काळाचा परिणाम दिसतो, पण गट आणि काळ यांची आंतरक्रिया दिसत नाही. आणि 'नाचामुळे झालं' असं म्हणण्याचा हक्क फक्त आंतरक्रिया देते. ही ओळ लक्षात ठेवा. 'उपचार गटात सुधारणा झाली, पी ०.०५ पेक्षा कमी' एवढंच लिहून थांबलेले प्रबंध मी पाहिलेत.

पण आता मला तो प्रयोग फसला असं वाटत नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण शिकागोतल्या त्या दोन खोल्यांपर्यंत पोचायला अमेरिकन संशोधनाला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

सुरुवात व्यायामापासून होत नाही, शिरगणतीपासून होते. ज्याची नोंदच नाही त्याच्यावर संशोधन कसं करणार? १९७० च्या अमेरिकन जनगणनेत स्पॅनिश मूळ विचारणारा प्रश्न फक्त पाच टक्के नमुन्याला विचारला होता. १९७६ मध्ये काँग्रेसने कायदा करून या लोकसंख्येची आकडेवारी गोळा करणं सरकारवर बंधनकारक केलं, आणि १९८० मध्ये तो प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांना विचारला गेला. उत्तर आलं १ कोटी ४६ लाख. यात मेक्सिकन होते, प्वेर्तो रिकन होते, क्यूबन होते. एकमेकांशी फारसं साम्य नसलेले लोक एका रकान्यात आले. तो रकाना सोयीचा आहे, पण नैसर्गिक नाही, हे शिकागोपर्यंत विसरू नका. मृत्यूच्या दाखल्याच्या राष्ट्रीय नमुन्यात हा रकाना यायला तर १९८९ उजाडलं. म्हणजे तोपर्यंत किती लॅटिनो कशाने आणि कोणत्या वयात गेले हे देशपातळीवर नीट सांगताच येत नव्हतं.

तरीही १९८६ मध्ये किरियाकोस मार्कीडेस आणि जेनीन कोरेल यांनी नैर्ऋत्य अमेरिकेतली उपलब्ध आकडेवारी एकत्र करून एक विचित्र गोष्ट मांडली. उत्पन्न, शिक्षण, घर या बाबतीत हे लोक कृष्णवर्णीयांच्या जवळ होते; पण मृत्युदरासारख्या आरोग्याच्या महत्त्वाच्या मोजमापांत गोऱ्यांच्या जवळ. गरीब, पण दीर्घायुषी. त्यांनी याला विरोधाभास म्हटलं आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. कोणी म्हणतं, धडधाकट माणसंच स्थलांतर करतात. कोणी म्हणतं, आजारी पडल्यावर काही जण मायदेशी परततात, तिकडे मरतात, आणि अमेरिकेच्या दाखल्यांत येतच नाहीत. याला 'सॅमन बायस' असं नाव आहे, जन्मस्थळी परतणाऱ्या सॅमन माशावरून. कोणी कुटुंबाकडे बोट दाखवतं. एकच कारण पुरेसं ठरलेलं नाही.

आपल्या विषयासाठी या विरोधाभासाची दुसरी बाजू महत्त्वाची. १९९३-९४ मध्ये मार्कीडेस यांनी टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या पाच राज्यांतल्या ६५ वर्षांवरच्या ३,०५० मेक्सिकन अमेरिकनांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. माणसं जगत होती खरी, पण वाढलेल्या वर्षांतली बरीच वर्षं चालण्याच्या, उठण्या-बसण्याच्या, आंघोळीच्या अडचणीत जात होती. मधुमेह भरपूर. मग सॅक्रामेंटोत मेरी हान यांनी ६० वर्षांवरच्या १,७८९ लॅटिनोंचा अभ्यास केला. या अभ्यासाचं संक्षिप्त नाव 'साल्सा', आणि त्याचा नाचाशी काही संबंध नाही, हे सांगितलेलं बरं! त्यांच्या २००३ च्या पेपरनुसार या लोकांमधल्या स्मृतिभ्रंशापैकी ४३ टक्के मधुमेह, पक्षाघात किंवा दोन्हींशी जोडता येत होता. प्रश्न बदलला तो इथे. 'हे लोक इतके का जगतात?' हे मागे पडलं आणि 'वाढलेली वर्षं पायावर उभं राहून कशी काढायची?' हे पुढे आलं.

आता दुसरा धागा. तो अटलांटात सुरू होतो आणि त्यात लॅटिनो नाहीतच. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वृद्धांचं पडणं कमी करण्यासाठी अनेक केंद्रांवर ट्रायल्स सुरू केल्या. एमरी विद्यापीठातले स्टीव्हन वुल्फ यांनी त्यात ताई ची घेतली. त्या काळात सरकारी पैशातून चिनी व्यायामप्रकाराची ट्रायल म्हणजे भुवया उंचावणारी गोष्ट होती. ७० वर्षांवरचे २०० लोक, १५ आठवडे, तीन गट. एक गट ताई ची शिकला. मूळ १०८ हालचालींतून निवडलेल्या दहा. दुसऱ्या गटाने संगणकाला जोडलेल्या फळीवर उभं राहून, पडद्यावर आपला तोल बघत सराव केला. तिसऱ्याला फक्त चर्चा आणि शिक्षण.

१९९६ मध्ये निकाल आला. ताई ची गटात पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला होता. बातमी याचीच झाली. पण माझ्या मते खरी गंमत पुढच्या वर्षीच्या पेपरमध्ये आहे. फळीवर सराव केलेल्यांचं डोलणं फळीवर मोजलं तेव्हा कमी झालं होतं. ताई चीवाल्यांचं नव्हतं. म्हणजे ज्यांचा 'तोल' यंत्रावर सुधारला, त्यांचं पडणं तितकं कमी झालं नाही. आणि ज्यांचं पडणं कमी झालं, त्यांचा तोल यंत्राला सुधारलेला दिसलाच नाही. ताई चीवाल्यांची पडण्याची भीती मात्र घटली होती. वुल्फ यांचा अंदाज असा की हे लोक डोलणं कमी करायला नव्हे, तर न घाबरता डोलायला शिकले असावेत. मन आणि शरीर यांच्या व्यायामाला एकच नाव का देतात, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. आणि तुमच्यासाठी यातला धोका असा की त्यांनी फक्त फळी ठेवली असती, पडण्याची नोंद ठेवली नसती, तर ताई ची निरुपयोगी असा निष्कर्ष छापला गेला असता.

हे दोन धागे जवळ यायला एक कायदा लागला. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून होणाऱ्या ट्रायल्समध्ये स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांना सामील करणं बंधनकारक झालं. कागदावर चांगलं. पण इंग्रजी फॉर्म, शहराच्या दुसऱ्या टोकाचं जिम आणि अनोळखी व्यायामप्रकार असं सगळं ठेवून 'लॅटिनो भरती करा' म्हटलं तर येणार कोण?

लॉस एंजेलिसमध्ये कॅथरीन सार्किसियन यांनी वेगळीच बाजू धरली. त्यांच्या मते अडचण पायात कमी, समजुतीत जास्त होती: वय झालं म्हणजे बसायचंच, ही समजूत. त्यांच्या 'कामिनेमोस' म्हणजे 'चला, चालूया' या ट्रायलमध्ये ज्येष्ठ नागरिक केंद्रांतल्या ६० वर्षांवरच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या लॅटिनोंना घेतलं. रचना नीट बघा. व्यायामाचा वर्ग दोन्ही गटांना होता. फरक फक्त गप्पांचा: एका गटात 'न हलणं हे वयामुळे अटळ नाही' यावर चर्चा, दुसऱ्यात सर्वसाधारण आरोग्याची माहिती. म्हणजे इथे कंट्रोल गटही व्यायाम करतोय! तपासायचा होता तो विचार, म्हणून वेगळा ठेवला तो फक्त विचार. कंट्रोल म्हणजे 'काहीच न करणारा गट' ही आपली समजूत इथे मोडते. तुम्हाला जी एकच गोष्ट तपासायचीय, ती सोडून बाकी सगळं ज्याला मिळतं तो कंट्रोल.

आणि त्याच काळात ब्राँक्समधून नाचाची बातमी आली होती. जो वर्गीज आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यांनी विचारलेल्या शारीरिक छंदांपैकी स्मृतिभ्रंशाचा कमी धोका फक्त एकाशी जोडलेला निघाला: नाच. हा नुसता संबंध आहे, कारण नव्हे. विसरायला लागलेला माणूस नाच आधीच सोडत असेल, ही शंका राहतेच. पण चाचणी घ्यावी इतपत धागा मिळाला.

मार्केझ यांनी तो शिकागोत उचलला. कार्यक्रमाचं नाव 'बायलामोस', म्हणजे 'आपण नाचतो'. ज्यांच्यासाठी तो होता त्यांना हे संगीत शिकवावं लागत नव्हतं. लग्नात, वाढदिवसाला ते आयुष्यभर ऐकलेलं. नाच हा 'माइंड-बॉडी' व्यायाम आहे का, यावर वाद घालता येईल. ताई चीत श्वास आणि लक्ष हे उघडपणे शिकवतात, साल्सात नाही. पण पावलांचा क्रम लक्षात ठेवणं, तालावर ऐनवेळी बदलणं, समोरच्याच्या हाताचा दाब ओळखून वळणं, हे डोक्याचं काम नाही असं म्हणणाऱ्याने एकदा शिकून बघावं. शरीरावर परिणाम दिसलाही. २०१६ च्या हृदयरोग परिषदेत या गटाने मांडलेल्या आकड्यांनुसार ४०० मीटर चालायला नाचणाऱ्यांना सुरुवातीला जवळजवळ ४३० सेकंद लागत, चार महिन्यांनी ३९२ च्या आत.

मग बसून ऐकणाऱ्यांची एकूण बोधनक्षमता का सुधारली?

मी विज्ञानातून आलेली. आमच्या प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणजे तेच द्रावण, फक्त औषध नसलेलं. माणसांच्या बाबतीत हे द्रावणच रिकामं नसतं. सत्तरीच्या आजींना 'तुम्ही चार महिने घरी बसा, मग चाचणीला या' असं सांगणं योग्य नाही, आणि त्या परत येतील याची खात्रीही नाही. म्हणून वर्ग द्यावा लागतो. पण वर्ग म्हणजे घराबाहेर पडणं, ठरलेल्या वेळेला पोचणं, स्वतःच्या भाषेत बोलणं, नवी माणसं भेटणं, काहीतरी नवीन शिकणं. नाचाच्या खोलीतलं निम्मंअधिक औषध शेजारच्या खोलीत आधीच गेलेलं होतं. शिवाय त्या वर्गात आरोग्याची माहिती मिळाल्यावर काही जण आपापले चालायला लागले असतील तर? आणि सगळ्यात साधी शक्यता: तीच स्मृतिचाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण तसेही थोडे वाढतात. सरावाचा परिणाम.

या तीन शक्यता ५७ जणांच्या दोन गटांतून वेगळ्या करता येत नाहीत. कितीही हुशार सांख्यिकी लावा. तिसरा गट लागेल, ज्याला फक्त चाचण्या. किंवा चौथा, जो नुसता जमून गप्पा मारतो. प्रत्येक गटामागे खोली, शिक्षक, भरती आणि पैसे. गाइड 'सॅम्पल साइज कुठून आणणार?' असं विचारतात तेव्हा ते चिडवत नसतात. अटलांटातल्या तिसऱ्या गटाचा खर्च कोणीतरी केला, म्हणून फळी आणि पडणं यांच्यातला फरक आज आपल्याला माहीत आहे.

मार्केझ यांच्या गटाने पुढे ३३३ जणांची मोठी ट्रायल केली. सरासरी वय ६५ च्या आसपास, आठ महिने. कंट्रोल पुन्हा आरोग्यशिक्षणच ठेवलं. तिच्यातून आलेले पेपर वाचायला घ्याल तेव्हा सारांशावरून थेट निष्कर्षावर उडी मारू नका. आधी तक्ता उघडा आणि 'गट गुणिले काळ' ही ओळ शोधा. मग रीत या भागात जाऊन बघा की त्या दुसऱ्या खोलीत बसलेल्या लोकांना नक्की काय काय मिळत होतं.